नवव्या दरवाजामागची माय

दिंद्रुड,
८ ऑक्टोबर २०२५

उत्तरेश्वर,

तो पिक्चर बघू नकोस.

पत्राची सुरुवात ख्यालीखुशालीने करायची असते हे मला कळतं, मी पोस्टातच नोकरी करतो. पण महत्त्वाचं आधी सांगून टाकलं. तुमच्या आत्याच्या रामकिसनने निरोप दिला, की तू दिवाळीला लेकीला घेऊन गावी येतोयस आणि म्हणालायस, "विज्याला सांग, आपला गेम पिच्चरमधी आलाय. बीडला जाऊन संगं बघू." इतक्या वर्षांनी तुझा निरोप, आणि तोही असा. मी रामकिसनला चहा पाजून वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली, एसटीने बीड गाठलं आणि एकटाच बघून आलो.

पार माती केली रे त्यांनी. आपला गडी आठवतो ना? अंगठ्याएवढा, डोक्याला लाल मुंडासं, हातात ना तलवार ना बंदूक. उडी मारायची, एवढीच त्याची विद्या. पिक्चरमधला गडी साडेसहा फुटी. मुंडासं गायब, त्याजागी लाल रंगवलेले केस. पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या हातात बंदूक आली. बंदूकच आहे म्हटल्यावर उडी कशाला मारील तो? नऊ दरवाजांचे चार केलेत. विहिरीचा दरवाजा, ज्यात आपण अख्खा एक महिना बुडून मेलो, तो नाहीच. वटवाघळं दोन मिनिटांत उरकली. आणि एक बोलणारी बकरी घातली आहे. ती हिंदीतून विनोद करते. थिएटरात आम्ही अकरा जण, त्यातली सहा कॉलेजची पोरं मोबाईल बघत बसलेली. ती फक्त बकरीला हसली.

धून तेवढी आपली ठेवली आहे, पण तिच्यावर पन्नास वाद्यं चढवलीत. आपल्या टीव्हीतून ती डासासारखी बारीक वाजायची, तेच बरं होतं. तरी धून सुरू झाली आणि माझा अंगठा खुर्चीच्या दांड्यावर उडीचं बटण दाबायला लागला. पलीकडच्या माणसाने एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या हाताकडे बघितलं, आणि एक खुर्ची सोडून बसला.

तेव्हा एवढ्यासाठी येऊ नकोस. दिवाळीत गाड्यांना मरणाची गर्दी असते. तुझा गाळप हंगाम तोंडावर आलाय, ते ऊसतोडणीचं मोठं मशीन चालवतोस म्हणे, त्याची कामं असतील. मीही बहुधा सासुरवाडीला असेन. पुढच्या वर्षी बघू.

लेकीला आशीर्वाद.

विजयसिंह


दिंद्रुड,
१४ ऑक्टोबर २०२५

उत्तरेश्वर,

रामकिसनने फोन स्पीकरवर लावून मला तुझं बोलणं ऐकवलं. तुला माहीत नव्हतं, मी शेजारीच उभा होतो.

"पिच्चर वंगाळ आसू दे न्हाईतर बरा, मी बघणार. विज्याला काय झालंय? येयाचं न्हाई तर नको यिऊ म्हणावं. आमी इथंच बघतो, ऐतवारी. म्या पोरीला समदी कहाणी सांगून ठिवलीय. त्याची माय कशी नेली, नऊ दरवाजं कसं लागत्यात. दिपाली रोज इचारती, पप्पा, माय घावती का न्हाई?"

ऐतवार म्हणजे एकोणीस तारीख. आज मंगळवार. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतोय, शुक्रवारी तुझ्या हातात पडेल. फोन कर म्हणशील. फोनवर मला हे बोलता यायचं नाही. तू नुसतं 'विज्या' म्हणालास तरी मी विषय बदलीन.

त्या गेममध्ये माय नव्हती, उत्तरेश्वर. ती मी घातली होती.

आपण चौथीत होतो. बापूंनी औरंगाबादहून टीव्ही गेम आणला होता, गावातला पहिला. दसरा झाला आणि तुझे आई-वडील कोयत्यावर, ऊसतोडीला गेले, नेहमीसारखे ट्रकमध्ये बसून, वर कोंबड्या आणि पत्र्याची पेटी. जाताना अंजनामावशी आमच्या दारात आली आणि मला, नऊ वर्षांच्या पोराला, म्हणाली, "विजूबाबा, माझ्या लेकराला तुमच्यात घ्या. आत्याकडं ऱ्हातंय, पर एकटं पडतंय वो." तू पायरीवर तोंड फिरवून बसला होतास. मी तुला आत आणलं आणि गेम लावला.

पहिला दरवाजा पार झाला की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची. तू विचारलंस, काय लिहिलंय? आपल्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून, पण मला घरी शिकवायला गुरुजी येत होते, त्यामुळे मला एबीसीडी येते अशी गावभर कीर्ती. मला त्यातलं एक अक्षर ओळखू येईना. येत नाही म्हणायची लाज वाटली, आणि तुझे डोळे अजून सुजलेले होते. मी वाचायला लागलो. "ह्याची माय काळ्या गढीच्या मुकादमाने नेली आहे. नऊ दरवाजे पार केले, की माय घरी येते."

तू नाक पुसलंस आणि म्हणालास, "दे इकडं ते बटन."

मग दर दरवाजाला मी पुढचं वाचत गेलो. तिसऱ्याला मायने निरोप धाडला. पाचव्याला तिने भाकरी बांधून ठेवली. पाचवीत तुलाही एबीसीडी आली, तेव्हा मी अडचणीत आलो. तू पडद्याला नाक लावून म्हणालास, "ही अक्षरं आपल्या पुस्तकात न्हाईत की बे." मी म्हणालो, ही वरच्या वर्गातली इंग्रजी आहे. तू मान डोलावलीस. ती जपानी होती रे. मला हे पंचविशीत कळलं, इंटरनेटवर. आपण दोन वर्षं जपानीतून अंजनामावशीचे निरोप वाचले.

पहिल्या वर्षी गुढीपाडव्याच्या आधी चार दिवस आपण नववा दरवाजा पार केला, आणि त्याच आठवड्यात ट्रक गावात आला. तुझी माय खाली उतरली. तू माझ्याकडे असं बघितलंस, की जणू मीच तिला आणलं. माझ्या आयुष्यात माझ्याकडे तसं पुन्हा कुणी बघितलेलं नाही. लग्नातसुद्धा नाही.

पिक्चरमध्ये शेवटी त्याला मुकुट मिळतो. तो राजपुत्र होता, राज्य गेलं होतं, ते मिळतं. खरी कहाणी एवढीच आहे. दिवे लागले, पडद्यावर नावं वर जायला लागली, झाडूवाला आला, तरी मी बसून होतो. उत्तरेश्वर, मी मायची वाट बघत होतो. मीच रचलेली, आणि मीच वाट बघत होतो.

दिपालीला आधी सांगून ठेव. किंवा नेऊच नकोस.

विजयसिंह


दिंद्रुड,
१५ ऑक्टोबर २०२५

उत्तरेश्वर,

कालचं पत्र पिशवीत गेलं आणि मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. एवढ्याशा थापेपायी कोण कुणाला पिक्चर बघू नको म्हणतं? तू हसशील आणि सोडून देशील. ते हसू मला चालणार नाही, कारण ते अर्ध्या गोष्टीवरचं असेल.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. जानेवारी दोन हजार, संक्रांत होऊन गेली होती. त्या आठवड्यात लाईट अकराला यायची आणि पाचला जायची. गेमला आठवण नव्हती, बंद झाला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे पाचच्या आत नऊही दरवाजे. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि तुझा हात असा बसला होता, की बारालाच आपण चौथ्या दरवाजात होतो.

तेव्हा बाहेरच्या खोलीत फोन वाजला. बापू तालुक्याला, आई मळ्यात. मी उठलो. तुझ्या आई-वडिलांच्या टोळीचा मुकादम होता, कारखान्याजवळच्या बूथवरून बोलत होता. "कोण? विजूबाबा का? अंजना सिरियस हाय म्हणावं. उत्तरेश्वराला घिऊन लगीच निघा. घरात मोठ्या माणसाला सांगा." मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

तू आतून ओरडलास, "कुणाचा हाय रं?"

मी म्हणालो, राँग नंबर.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि का सांगितलं नाही त्याचं कारण मी स्वतःशीही नीट बोललेलो नाही, ते आज लिहितो. गेम सोडवत नव्हता म्हणून नव्हे. मला वाटलं, माय आजारी आहे ना, मग आधी नऊ दरवाजे झाले पाहिजेत. झाले की ती बरी होईल. गेल्या वर्षी आली होती तशी येईल. थाप माझी, अक्षरं मला येत नव्हती, तरी मी त्या दुपारी तिच्यावर मनापासून विश्वास ठेवला. तुझ्या शेजारी येऊन बसलो आणि म्हणालो, चल, आज संपवायचाच.

तू काय खेळलास त्या दिवशी! विहीर एका दमात. वटवाघळं डोळे मिटून. पाचला दहा कमी असताना नववा दरवाजा उघडला, तू उड्या मारल्यास, मला मिठी मारलीस, आणि मी तुला शेवटची अक्षरं वाचून दाखवली. "माय निघाली."

मग मी मळ्यात पळालो आणि आईला सांगितलं, फोन आत्ताच आला. सहाला तुझी आत्या आणि तू आमच्या जीपमध्ये बसलात. पहाटे पोचलात तेव्हा अंजनामावशी नव्हती. गावात बोललं गेलं, की पोरगं वाटेत असतानाच ती गेली. मी हिशेब केला. पाच तास. ते पाच तास मी खाल्ले. बाराला निघाला असतास तर तुला ती भेटली असती, तुझ्याशी बोलली असती.

मी दहा वर्षांचा होतो, असं म्हणून बघितलं. भागत नाही. तू वडिलांबरोबर कोयत्यावर गेलास, शाळा सुटली, आणि मी इथं पंख्याखाली बसून शिकलो. तुझ्याबरोबर त्या थिएटरात बसायची माझी छाती नव्हती, म्हणून सासुरवाडीला जाणार होतो. सासुरवाडी धारूरला आहे, तासाभराच्या रस्त्यावर. खोटंसुद्धा धड लिहिलं नाही.

आता तुझ्या मनाला येईल ते कर. उत्तर नाही दिलंस तरी मी समजीन.

विजय


दिंद्रुड,
४ नोव्हेंबर २०२५

उत्तऱ्या,

अठरा दिवस तुझं काही आलं नाही. दिवाळी गेली. मुलांनी फटाके उडवले, मी दारात खुर्ची टाकून बसलो, आणि कुणी गाडी वळवली की उठून बघत होतो. आमची ही म्हणाली, तुम्हाला कोण येणार आहे? मी म्हणालो, कुणी नाही.

काल तुझा आवाज आला, मोबाईलवर, नऊ मिनिटांचा. मागे मशीनचा घरघराट आहे, मध्येच तू कुणाला तरी "थांब की जरा, भरतो तुझी ट्राली" असं ओरडतोस. मी तो पोस्टाच्या मागच्या खोलीत जाऊन ऐकला. मग घरी. तू काय बोललास ते इथं उतरवून ठेवतोय, कारण मोबाईलचा मला भरवसा नाही.

"विज्या, पत्रं मिळाली. एकदम बोलाया जमंना, म्हून ऱ्हायलो. दोन दिस तर तुज्या नावानं लई शिव्या घातल्या, खोटं कावून बोलू. मग बापाला, आण्णाला इचारलं. आण्णा आता थकल्यात, पर त्यांना समदं ध्यानात हाय. येड्या, माय सकाळी धालाच गेलती. तळावर, पाचटाच्या कोपीतच. ताप डोक्यात गेलता. मुकादमानं फोन केला तो त्याच्या नंतर. आपल्याकडं गेल्यालं माणूस फोनवर कवा गेल्यालं आसतंय का? सिरियसच आसतंय. पोरगं वाटंत रडंल, कोण सांबाळील, म्हून तसं म्हणायचं. आत्याला 'सिरियस' ऐकताच कळलं हुतं, जीपमधी बसायच्या आदी. रातभर तोंडाला पदर लावून बसलती. मला वाटलं, तिला गाडी लागती."

इथं तू मशीन पुढे घेतलंस. नुसतं मशीन.

"बारा ते पाच, विज्या. मला माय नव्हती, पर मला ठावं नव्हतं. मी खेळत हुतो, अन् माज्या लेखी माय जित्ती हुती. निघाली सुदिक हुती. तू सांगितलं आसतंस तर ते पाच तास बी गेलं आसतं. लोकं म्हणत्यात, मायला शेवटचं भेटलो. मला तसं न्हाई, पर मला पाच तास जादाचं हायत. ते तुजं हायत."

उत्तऱ्या, मी दुपारच्या वेळी, टपालाच्या पिशव्यांवर बसून हुंदके देऊन रडलो. सटवा पोस्टमन आत डोकावला आणि दार ओढून गेला.

आणि लाज कशाची वाटली सांगू? हे मला माहीत होतं. गावात कुणी दगावलं, की पुण्याला असलेल्या पोरांना फोन लावायला लोक माझ्याकडे येतात, पाटलाचं पोरगं नीट बोलतं म्हणून. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः एकाला सांगितलं, तुझे वडील जरा सिरियस आहेत, सावकाश ये. वडील तेव्हा अंगणात, तिरडी बांधणं चाललेलं. असे चार-पाच फोन मी केलेत. त्यातल्या एकाही वेळी मला ती दुपार आठवली नाही असं नाही, दर वेळी आठवली. पण त्या एका फोनपुरता मी दहा वर्षांचाच राहिलो होतो. त्या दहा वर्षांच्या पोराला फोनवर जे सांगितलं ते त्याने खरं मानलं होतं.

पिक्चरचं तू सांगितलंस ते तेवढं हसत ऐकलं. शेवटी मुकुट आला तेव्हा दिपाली मोठ्याने म्हणाली, "पप्पा, ह्यांनी कहाणी चुकवली." आणि तू तिला सांगितलंस, की व्हय, ह्यांना वाचायला येत नसंल. पोरीला माझ्याकडून काय आणू ते कळव.

आता शेवटची दोन मिनिटं. ती मी सगळ्यात कमी वेळा ऐकली आहेत.

"पर एक हाय. म्या तुला कार्डं धाडली हुती. तळावरून, सातआठ वर्सं. सात की आठ कार्डं आसतील. शाळा सुटल्याली, लिवता येत नव्हतं धड, तरी धाडली. एकाला बी उत्तर न्हाई. तवा मला काय वाटलं ठावं हाय? पाटलाचं पोरगं कोयत्याच्या पोराला कशाला लिवील. मायचं सोड. त्यात तुजी काय चूक न्हाई. ह्याचा राग हाय. तो मातूर हाय."

आठ आहेत. सगळी मिळाली. तिसऱ्यावर उसाचा रस सांडलेला आहे. दर कार्ड आलं की मला वाटायचं, आता ह्याला कळलं असणार, आता ह्यात विचारलं असणार. मी ते एका बाजूला नेऊन वाचायचो, त्यात काहीच विचारलेलं नसायचं, आणि मग उत्तर लिहायची तर हिंमतच व्हायची नाही. जे मी केलंच नव्हतं त्यासाठी घाबरत बसलो, आणि त्या भीतीपायी जे केलं ते तूच भोगलंस. माफ कर म्हणत नाही. राग असू दे. पण येत्या शनिवारी मी तिकडे येतोय, तुझ्या तळावर. तू मशीनवर असशील तर बांधावर बसेन. आल्यावर तोंड दाखवायला नको का? म्हणून तुझ्या कार्डांची उत्तरं आधी धाडतोय. शेवटच्यापासून मागे जातो, ते सोपं आहे.

आठवं. "तुझं लगीन झालं का?" झालं, दोन हजार बाराला. तुला बोलावलं नाही.

सातवं. "गावात पाणी हाय का?" त्या वर्षी नव्हतं. बोअर आटला, टँकर यायचा.

सहावं आणि पाचवं, दोन्हीत एकच, "बरा हाईस का?" नव्हतो.

चौथं. "आण्णाचा पाय मोडलाय, चंद्रभागाआत्याला सांग." सांगितलं होतं. एवढं एक काम मी त्याच दिवशी केलं होतं.

तिसरं, रसाचं. "नवा गेम घेतला का?" नाही. पुन्हा लावलाच नाही. पुढच्या पावसाळ्यात बापूंनी तो कुणाला तरी देऊन टाकला.

दुसरं. "मला इथं एक दोस्त झालाय, त्याला गेमची गोष्ट सांगितली. बराबर सांगितली का?" बरोबर सांगितलीस. माझ्यापेक्षा बरोबर.

पहिलं, मार्च दोन हजार. तुझं शाळेतलं अक्षर अजून गोल होतं. एकच ओळ आहे. "वर्गात माझ्या जागेवर कोण बसतंय?"

कुणी नाही बसलं, उत्तऱ्या. सातवीपर्यंत मी तिथं माझं दप्तर ठेवत होतो. बाई दर वर्षी विचारायच्या, ही जागा कुणाची रे? मी तुझं नाव सांगायचो.

विज्या